गोव्याची पूड

चैत्र संपत आला की आमच्या बेळगावात लोक वळवाच्या पावसाची वाट बघायला लागतात. पाऊस यायचा तेव्हा येतो. त्याच्या आधी येते ती खाज. मुलांच्या पाठीवर घामोळं उठतं, तरण्या पोरांच्या मानेवर गळवं येतात, आणि बायकांच्या कमरेला, जिथं परकराची नाडी आवळलेली असते तिथं, एक लाल कडं उमटतं. घामोळ्याबद्दल घरात सगळे मोकळेपणानं बोलतात. कड्याबद्दल कुणी बोलत नाही. ते कमरेला असतं, जांघेत असतं, छातीखाली असतं, आणि या जागांची नावं चारचौघांत घ्यायची आपल्याला सवय नाही.

या न बोलल्या जाणाऱ्या कड्याचा, म्हणजे नायट्याचा, इतिहास मला सांगायचा आहे. या इतिहासात आमच्या शेजारच्या गोव्याचं नाव आहे, आणि ते नाव तिथं कसं येऊन बसलं याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

आधी दोन दुखणी वेगळी करून घेऊ, कारण दोन्हींवर आपण एकच डबा उघडतो. घामोळं म्हणजे घामाच्या नळ्यांची तोंडं बुजणं. बाहेर यायचा घाम कातडीतच अडकतो आणि बारीक पुटकुळ्या टोचायला लागतात. वारा लागला, अंग कोरडं राहिलं, की ते चार दिवसांत आपोआप ओसरतं. नायटा ही वेगळी जात. ती बुरशी आहे. आपल्या कातडीच्या वरच्या थरात, केसांत आणि नखांत केराटिन नावाचं प्रथिन असतं, त्यावर ती जगते. ऊब आणि ओल मिळाली की फोफावते. मधली जागा निवळत जाते आणि कड पुढं सरकत राहते, म्हणून तिचं कडं दिसतं. संस्कृतात दद्रू, त्यावरून दाद. मराठीत नायटा, आणि फार पसरला की गजकर्ण. इंग्रजीतलं नाव तर किड्याच्या कड्याचं आहे, पण आत किडा नसतो.

इंग्रजांनी याला आणखी एक नाव दिलं होतं. जाड गणवेशात घामाघूम होणाऱ्या गोऱ्या शिपायांच्या जांघेत नायटा व्हायचा, तेव्हा त्यांनी त्याला ‘धोबीज इच’ म्हणजे धोब्याची खाज म्हणायला सुरुवात केली. कपडे धोबी धुतो, तेव्हा रोग त्यानंच दिला, असा हिशेब. हे नाव वैद्यकाच्या पुस्तकांतही गेलं. बिचारा धोबी कपडे भट्टीत उकळत होता आणि उन्हात वाळवत होता, म्हणजे बुरशी मारायला जे करायला पाहिजे तेच करत होता. पण अडचणीच्या जागी दुखणं झालं की माणूस पहिल्यांदा दुसऱ्याचं नाव घेतो. ही खोड लक्षात ठेवा, ती पुन्हा भेटणार आहे.

आपल्याकडे या रोगाची ओळख फार जुनी. चरकानं दद्रूला क्षुद्र कुष्ठांत बसवलं, सुश्रुतानं महाकुष्ठांत. त्या ग्रंथांत कुष्ठ या शब्दात कातडीची कितीतरी दुखणी येतात, आज आपण ज्याला महारोग म्हणतो तेवढंच नव्हे. औषधही घराबाहेरच उगवत होतं. पहिला पाऊस पडला की बांधावर, रस्त्याकडेला टाकळा माजतो. कोकणात त्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतात, गोव्यात त्याला तायकिळो म्हणतात. संस्कृतात त्याची दोन नावं आहेत, चक्रमर्द आणि दद्रुघ्न. चक्रमर्द म्हणजे ती चकती चिरडणारा. दद्रुघ्न म्हणजे दाद मारणारा. झाडाचं नावच औषधाची चिठ्ठी. आमच्या आज्जी टाकळ्याचं बी आंबट ताकात वाटून लावायच्या. वास असा यायचा की शेजारी बसवत नसे, आणि लावणारीनं काय लावलंय ते अख्ख्या सोप्याला कळायचं. कदाचित म्हणूनच पुढच्या पिढीच्या बायकांनी ते सोडलं. चिनीमातीच्या लहान डबीतलं मलम बरं, कुणाला कळत नाही.

डबीत काय आहे हा प्रश्न आम्हा जैन बायकांना नवा नाही. भाजीत कांदा आहे का, मिठाईत मध आहे का, पीठ कधी दळलं, पाणी गाळलं का, हे विचारत आम्ही लहानाच्या मोठ्या झालो. पंगतीत याची थट्टा होते, होऊ दे. पण हाच प्रश्न औषधाला विचारणारा एक वैद्य नवव्या शतकात होऊन गेला. उग्रादित्याचार्य त्यांचं नाव, ‘कल्याणकारक’ हा त्यांचा संस्कृत ग्रंथ. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचा तो काळ. जुन्या वैद्यकात मध पावलोपावली लागतो, मद्य आणि मांसही लागतं. उग्रादित्यांनी ही तिन्ही वगळून वैद्यक मांडून दाखवलं, आणि औषधासाठीही मांस नको, असं राजाच्या सभेत विद्वानांपुढं प्रतिपादन केल्याचं त्यांच्या ग्रंथाच्या शेवटी आहे. हा ग्रंथ १९४० साली सोलापुरातून हिंदी भाषांतरासह छापला गेला. मला यात धर्माइतकंच दुसरं काही दिसतं. औषध गुणकारी आहे एवढ्यावर हा माणूस थांबला नाही. आत काय आहे, ते सांगा, म्हणाला.

आता गोव्याकडे येते.

१८६०च्या दशकात मुंबईत नायट्यावर एक पूड विकली जात होती. पिवळट तपकिरी, कडू, हवेत राहिली की आणखी काळपट होणारी. लिंबाच्या रसात किंवा शिरक्यात कालवून ती नायट्यावर लावायची. कातडीची आग व्हायची, वरचा थर सुटून यायचा आणि त्याच्याबरोबर नायटाही जायचा. महिनोन्‌महिने हटलेलं दुखणं थोड्या दिवसांत बरं होताना दिसे, त्यामुळं पुडीला भाव मोठा होता. ती पोर्तुगीजांच्या हातून येई, म्हणून तिचं नाव पडलं ‘गोवा पावडर’. मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनी १८६४ साली विलायतेतल्या औषधशास्त्राच्या मासिकात तिच्याविषयी लिहिलं. मुंबईतला केम्प्स कॉर्नर ज्या औषधाच्या दुकानावरून ओळखला जातो, तेच हे केम्प घराणं. पण पूड कशाची, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. तर्क चालू होते. बाटलीवर गाव होतं, आत काय होतं ते गुलदस्त्यात.

दहा वर्षांनी, १८७४ साली, कलकत्त्याचे डॉक्टर जोसेफ फेरर यांनी लंडनच्या वैद्यकीय पत्रात या पुडीची वाखाणणी केली. सापांवरच्या मोठ्या ग्रंथामुळं त्यांचं नाव आधीच झालेलं होतं, त्यामुळं तो लेख दूरवर वाचला गेला. किती दूर? तर थेट ब्राझीलमध्ये. तिथल्या बाहिया प्रांतात डॉक्टर दा सिल्वा लिमा वैद्यकी करत होते. त्यांनी वर्णन वाचलं आणि ओळखलं की ही तर आपल्या इथली पूड. बाहियात तिला अरारोबा म्हणत, आणि पोर्तुगीज मुलखांत ‘बाहियाची पूड’ म्हणून ती माहीत होती. त्यांनी तसं कळवलं, आणि गोव्याच्या पुडीचं गाव सापडलं. ते गोव्यापासून दोन समुद्र पलीकडे होतं.

बाहियाच्या जंगलात एक उंच झाड असतं. त्याच्या खोडात भेगा आणि पोकळ्या पडतात, आणि त्यांत ही पिवळी पूड साठते. मजूर झाड पाडायचे, खोड फोडायचे आणि पूड खरवडून काढायचे. ती उडून डोळ्यांत गेली की डोळे सुजायचे, चेहरा भाजल्यासारखा व्हायचा. आपल्याकडच्या माणसाची खाज जावी म्हणून तिकडचा मजूर तोंड भाजून घेत होता, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

ही पूड इथं आली कशी, याचं आश्चर्य वाटायला नको. ब्राझील आणि गोवा ही एकाच साम्राज्याची दोन टोकं होती. गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजं वाटेत बाहियाला थांबत. ब्राझीलचा काजू गोव्यात आला आणि इतका रुजला की आता गोवा म्हटलं की काजू आठवतो. पुडीचंही तसंच झालं, फक्त काजूचं झाड इथं लागलं, अरारोबाचं लागलं नाही. नाव तेवढं इथलं झालं.

एकदा मूळ कळल्यावर मग रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले. १८७५ साली लंडनच्या ॲटफील्ड यांनी सांगितलं की पुडीचा मोठा भाग क्रायसोफॅनिक आम्ल आहे. हे आम्ल रेवाचिनीत सापडलेलं होतं. १८७८ साली जर्मनीतल्या लीबरमान आणि सायडलर यांनी ते सुधारलं. ते आम्ल नव्हे, त्याच्या जवळचा वेगळा पदार्थ, क्रायसारोबिन. आणि गंमत अशी की आपल्या टाकळ्याच्या बियांतही याच कुळातले पदार्थ असतात. अमेरिकेतून आलेलं आणि आता आपल्या परसात सहज दिसणारं दादमर्दनाचं झुडूप, त्याच्या पानांतही तेच. तीन झाडं, तीन ठिकाणची, आणि तिन्ही ठिकाणच्या माणसांनी आपापल्या हिशेबानं नायट्याला तीच लावली. बांधावरचं झाड आपण मागास म्हणून सोडलं, आणि त्याचंच भावंड समुद्रापलीकडून आलं ते मोठा भाव देऊन घेतलं.

आत काय आहे हे कळल्याचा आणखी एक फायदा झाला. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांच्या लक्षात आलं की हे औषध सोरायसिसलाही लागू पडतं. त्यावर ते १८७०च्या दशकाच्या अखेरीला लिहायला लागले. पुढं पहिल्या महायुद्धात जर्मनीला ब्राझीलची पूड मिळेना, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी तिच्यासारखा पदार्थ प्रयोगशाळेत तयार केला, १९१६ साली. तो डिथ्रॅनॉल नावानं आजही सोरायसिसवर वापरतात. गुपित फुटलं म्हणून औषध मेलं नाही, उलट त्याचं आयुष्य वाढलं.

तोटेही कळले. हात धुवायला विसरलं आणि तोच डोळ्याला लागला तर डोळा लाल होऊन सुजे. नाजूक कातडी पोळे. कपड्यावर डाग पडला तर तो साबणानं जात नसे, उलट जांभळट होऊन पक्का बसे. आणि आमच्या दृष्टीनं सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच. त्या काळच्या विलायती मलमांचा पाया बहुतेक डुकराची चरबी असे, कारण ती कातडीत चांगली मुरते. शिरक्यात कालवलेली पूड वेगळी आणि डबीत तयार आलेलं मलम वेगळं. १८७२ साली अमेरिकेत व्हॅसलिनचं पेटंट घेतलं गेलं आणि खनिज तेलाचा पाया हळूहळू चरबीच्या जागी आला. तोवर किती सोवळ्यातल्या घरांत, किती श्रावकांच्या घरांत ती डबी फळीवर बसून गेली असेल, कोण जाणे. विचारलंच नाही, तर कळणार कुठून?

विसावं शतक नायट्याच्या बाबतीत खरं तर उजेडाचं. लंडनच्या आर्थर व्हिटफील्ड यांचं मलम आलं. त्यात सहा टक्के बेन्झॉइक आम्ल आणि तीन टक्के सॅलिसिलिक आम्ल, एवढंच. लपवाछपवी नाही, कुणीही औषधविक्यानं करून द्यावं. बरीच वर्षं ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत होतं. १९३९ साली एका बुरशीतूनच ग्रिसिओफुल्विन सापडलं आणि १९५८ साली नायट्यावर पोटातून घ्यायचं पहिलं औषध म्हणून ते आलं. मग क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, नंतर टर्बिनाफीन. आग नाही, डाग नाही, वास नाही. मी शाळेत होते तेव्हा वाटायचं, नायटा आता देवीच्या रोगासारखा जाणार.

तो गेला नाही. गेल्या काही वर्षांत तर उलट झालं. पूर्वी एका उन्हाळ्यात बरा होणारा नायटा आता दोन-दोन वर्षं हटत नाही, घरातल्या एकाला झाला की सगळ्यांना होतो. याचं कारण समजून घ्यायला पुन्हा डबीतच बघावं लागेल.

१९५२ साली हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड कातडीला लावून बघितलं गेलं आणि इसबासारख्या दुखण्यांत त्यानं जादू केली. पुढं त्याहून कितीतरी पट जोरकस स्टेरॉइडं निघाली. ती योग्य रोगाला, योग्य दिवस, डॉक्टरच्या नजरेखाली लावली तर वरदान आहेत. पण ती बुरशी मारत नाहीत. ती अंगाचा राग शांत करतात. लाली जाते, खाज थांबते, दोन दिवसांत वाटतं की नायटा बरा झाला. खरं तर घरात चोर शिरलाय आणि आपण भुंकणाऱ्या कुत्र्याला झोपेची गोळी दिली, असा तो प्रकार. बुरशी आरामात पसरते. कड्याचा आकार बिघडतो, डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. १९६८ सालीच इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी अशा वेषांतर केलेल्या नायट्याला नाव दिलं होतं, ‘टिनिया इन्कॉग्निटो’, म्हणजे ओळख लपवलेला नायटा.

आपल्याकडे मात्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध एकाच ट्यूबमध्ये घालून विकलं जात राहिलं. काउंटरवर ‘खाजेचं द्या’ म्हटलं की तीच ट्यूब हातात पडायची. कातडीला लावायच्या बऱ्याच स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीचं बंधन नव्हतं. २०१८च्या मार्चमध्ये सरकारनं चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे कागदावर तरी ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू नयेत. तोवर बराच उशीर झाला होता. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी तिथं राहणाऱ्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या नायट्यातून बुरशीची वेगळी जात नोंदवली. टर्बिनाफीनला ती दाद देईना. तिचं नाव ठेवलं ट्रायकोफायटन इंडोटिनी. २०२३ साली ती न्यूयॉर्कमध्येही सापडली. स्टेरॉइडमिश्रित मलमांचा बेसुमार वापर हे या साथीमागचं एक मोठं कारण तज्ज्ञ मानतात.

बघा, पूर्वी गोव्याचं नाव औषधाला लागलं, ते गोव्याचं नव्हतं. धोब्याचं नाव रोगाला लागलं, तो धोब्याचा नव्हता. आता अख्ख्या देशाचं नाव बुरशीला लागलं आहे. या वेळी मात्र आपण सगळाच दोष दुसऱ्याच्या पदरात टाकू शकत नाही, कारण ट्यूब आपण मागून घेतली.

का मागून घेतली, ते मला माहीत आहे. आमच्या नात्यातल्या एका वहिनींना जांघेत नायटा झाला. चार बायकांच्या एकत्र घरात त्या कुणाला सांगू शकल्या नाहीत. गावातले डॉक्टर पुरुष, सासऱ्यांच्या ओळखीचे. मग धाकट्या दिराला ‘खाजेची ट्यूब आण’ म्हणून पाठवलं. ती त्यांनी सव्वा वर्ष लावली. खाज थांबायची, ट्यूब संपली की दुप्पट यायची, पुन्हा ट्यूब. शेवटी मुलाच्या गालावर कडं उठलं, तेव्हा दोघांना दवाखान्यात नेलं. नायटा महिन्यांनी गेला. पण मांडीच्या कातडीवर बाळंतपणाच्या पोटावर पडतात तशा पांढऱ्या रेघा पडल्या, त्या कायमच्या. मलमानं कातडी आतून विरली होती. वहिनी म्हणाल्या, ‘सोसलं असतं तर निदान एवढं तरी झालं नसतं.’ मला ते वाक्य जास्त लागलं. सोसणं किंवा लपवणं, याच्यापलीकडे तिसरी वाट आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या धर्मात बावीस परीषह सांगितले आहेत. त्यांत उष्णता आहे, डास-माश्या आहेत, अंगावरचा मळ आहे, रोगही आहे. समताभावानं ते सोसावेत असं सांगितलंय, पण ते मुनींच्या साधनेसाठी, त्यांनी समजून उमजून घेतलेल्या व्रताचा भाग म्हणून. चुलीपुढं बसलेल्या बाईनं लाजेपायी नायटा सोसला तर ती तपश्चर्या होत नाही. ते नुसतं दुखणं वाढवणं होतं, आणि तेही पोराबाळांना वाटून.

या लाजेचा एक पुरावा रोज आपल्या डोळ्यांपुढं असतो. दोरीवर बघा. साडी, सदरे, धोतरं उन्हात. बायकांचे परकर आणि आतले कपडे साडीच्या आड, किंवा न्हाणीघरात खिळ्याला, किंवा माजघरातल्या दांडीवर. जे कपडे अंगाच्या सर्वांत घामट जागी असतात, त्यांनाच ऊन मिळत नाही. दमट परकर सकाळी पुन्हा नेसला जातो आणि नाडीच्या ओळीत बुरशीला मुक्काम मिळतो. बाई स्वच्छ असूनही तिला नायटा होतो, आणि वर घाणेरडेपणाचा ठपकाही तिच्यावरच येतो.

म्हणून उन्हाळ्याचं काय करायचं, ते सरळ सांगते. आंघोळीनंतर अंगाचे सांधे, बोटांच्या बेचक्या, छातीखालची जागा कोरडी टिपून घ्या, मगच कपडे चढवा. नाडी रोज त्याच रेषेवर करकचून बांधू नका. घरात वावरताना सैल सुती कपडे. टॉवेल ज्याचा त्याचा वेगळा. नायटा असलेल्याचे कपडे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा, परकरसुद्धा, दोरीच्या दर्शनी भागात. घामोळ्याला गार पाणी, वारा आणि फार तर कॅलामाइन पुरे. त्यावर तेल चोपडू नका आणि पावडरीचे थर देऊ नका, नळ्यांची तोंडं आणखी बुजतात. दुपारच्या उन्हात निघताना डोक्यावर छत्री किंवा पदर, आणि चेहऱ्यावर झेपेल ते सनस्क्रीन.

आणि नायटा असेल तर डॉक्टरला दाखवा. घरात दोघांना असेल तर दोघांनीही एकदम औषध घ्या. कडं दिसेनासं झालं तरी सांगितलेले दिवस पुरे करा, कारण डोळ्याला दिसत नाही ती बुरशी अजून आत असते. टाकळ्याच्या बियांविषयी मला माया आहे, पण आजच्या हट्टी नायट्यावर माझ्या आज्जींचं औषध पुरेल असं मी म्हणणार नाही. कातडी सोलली गेली तर आणखी पंचाईत.

ट्यूब हातात आली की मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, ही सगळी स्टेरॉइडं. क्लोट्रिमाझोल, ल्युलिकोनाझोल, टर्बिनाफीन ही बुरशीची औषधं. पहिल्या यादीतलं नाव दिसलं आणि डॉक्टरनं ते लिहून दिलेलं नसेल, तर ट्यूब परत करा. चष्मा नसेल तर शेजारच्या कॉलेजच्या पोरीला वाचायला लावा. तिलाही माहीत होईल.

कल्याणकारककारांनी अकराशेहून अधिक वर्षांपूर्वी औषधाच्या पात्राकडे बोट दाखवून प्रश्न केला. बाहियाच्या डॉक्टरांनी लेख वाचून आपली पूड ओळखली आणि गप्प न बसता कळवलं. नायट्याच्या इतिहासात ज्या ज्या वेळी खऱ्या अर्थानं उतार पडला, तो कुणीतरी डबीचं झाकण उघडून आत बघितलं तेव्हा पडला. आपण मिठाईच्या दुकानात उभ्या राहून ‘यात मध आहे का हो?’ म्हणून न लाजता विचारतो. औषधाच्या दुकानातही तेवढ्याच मोठ्यानं विचारू या.